ताईला घेऊन येशील तेव्हा

प्रिय भाचीबाई,

अभिनंदन फोनवर करून झालं, आता हे पत्र. फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतेस आणि तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी होते. शिवाय मला जे सांगायचंय त्यात आकडे पुष्कळ आहेत. ते कागदावर असलेले बरे.

चेकराइड, म्हणजे परवान्याची परीक्षा, झाल्यानंतरची पहिली मोठी सफर म्हणून ताईला प्रिन्स्टनहून माझ्याकडे फ्रेडरिकला विमानाने आणायचं तू ठरवलंस, आणि ताईने चक्क होकार दिला. एसटीत ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली नाही तर पुढच्या गाडीची वाट बघणारी बाई ती. तिचा तुझ्यावर विश्वास आहे आणि माझाही आहे. तरी लिहितोय, कारण परीक्षक शेजारी बसणार म्हणून केलेली तयारी वेगळी आणि शनिवारी सकाळी आई धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन तयार बसलेली असताना करायची तयारी वेगळी. त्या दुसऱ्या प्रसंगी माणूस भरभर पानं उलटतो.

भारतात छोटं विमान एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं तर फ्लाइट प्लॅन भरा, एफआयसी नंबर घ्या, हवाई दलाकडचा एडीसी नंबर घ्या, मग निघा. माणूस वैतागतो, पण त्या वैतागात एक सोय आहे: निघण्याआधी कुणीतरी तुमच्या कागदावर नजर टाकलेली असते. इथे अमेरिकेत तसं काही नाही. हवा स्वच्छ आहे, वाट मोकळ्या आकाशातून आहे, तर फ्लाइट प्लॅनचीही सक्ती नाही. प्रिन्स्टनला टॉवरसुद्धा नाही. इंजिन सुरू करशील, रेडिओवर आपलं आपणच सांगशील आणि उडशील. कुणी अडवणार नाही. अडवत नाहीत म्हणूनच चौकशीचं सगळं ओझं तुझ्या एकटीच्या डोक्यावर आहे, आणि हे नवीन वैमानिकांच्या लवकर लक्षात येत नाही.

नियम ९१.१०३ तू पाठ केला असशील. उड्डाणापूर्वी वैमानिकाने त्या उड्डाणाविषयी उपलब्ध असलेली सगळी माहिती करून घ्यावी, असं तो सांगतो. पुढे हवामान, इंधन, बेत फसला तर पर्याय, धावपट्ट्यांची लांबी अशी नावं घेतो, पण तो ‘सगळी’ हा शब्द काही मागे घेत नाही. कायदा लिहिणारा हुशार होता. काही विपरीत घडलं की मागे वळून पाहताना प्रत्येक माहिती ‘उपलब्ध’च असते.

आता तुझी वाट बघू. प्रिन्स्टन ते फ्रेडरिक सरळ रेषेत साधारण १४० नॉटिकल मैल. एवढ्याशा वाटेवर या देशाच्या आकाशातल्या बहुतेक सगळ्या भानगडी भेटतात. सुरुवातीलाच, तुझ्या धावपट्टीच्या उत्तरेला पंधरा-सोळा मैलांवर बेडमिन्स्टर. राष्ट्राध्यक्ष तिथे मुक्कामाला आले की ३० नॉटिकल मैल त्रिज्येचा टीएफआर लागतो, म्हणजे तात्पुरता हवाई निर्बंध, आणि त्याच्या आत १० मैलांचं वर्तुळ, जिथे तुझ्यामाझ्यासारख्यांना मज्जावच. सॉमरसेट आणि सोलबर्ग हे दोन लहान विमानतळ त्या आतल्या वर्तुळात सापडतात आणि अशा शनिवार-रविवारी तिथल्या धंद्याचे बारा वाजतात. प्रिन्स्टन बाहेरच्या पट्ट्यात येतं. तिथून निघता येतं, पण फ्लाइट प्लॅन भरून, उड्डाणाआधीच कंट्रोलरकडून स्वतंत्र ट्रान्सपाँडर कोड घेऊन आणि सतत त्यांच्या संपर्कात राहून. प्रशिक्षण, घिरट्या, ‘जरा एक चक्कर मारून येऊ’ हे सगळं बंद. हे निर्बंध कधी दोन-तीन दिवस आधी जाहीर होतात आणि पाहुण्यांचा बेत बदलला की वेळा बदलतात. गुरुवारी रात्री बघितलेला टीएफआर शनिवारी सकाळी तोच असेल असं धरू नकोस.

पुढे फिलाडेल्फियाचं क्लास बी आकाश. तुझी रेषा त्या विमानतळाच्या उत्तरेने जवळजवळ १९ मैलांवरून जाते, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कडेला घासून. घासून जाण्यात शौर्य नाही. चार-पाच मैल आणखी उत्तरेने जा, दोन-तीन मिनिटं जास्त लागतील. आत शिरायचंच असेल तर कंट्रोलरने ‘क्लिअर्ड’ हा शब्द उच्चारलाच पाहिजे. त्याने नुसतं तुझ्या विमानाचं नाव घेऊन उत्तर दिलं, एवढं पुरत नाही. सस्क्वेहॅना नदी ओलांडताना डावीकडे पीच बॉटमचं अणुवीज केंद्र दिसेल. ताई म्हणेल, जरा गोल फिरव, फोटो काढते. फिरवायचं नाही. अशा केंद्रांवर, धरणांवर, तेलशुद्धीकरण कारखान्यांवर रेंगाळू नये, अशी कायमस्वरूपी नोटीस आहे.

आणि शेवटी माझं गाव. फ्रेडरिक वॉशिंग्टनच्या त्या प्रसिद्ध वर्तुळाच्या बाहेर आहे, पण जेमतेम. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावरचं रेडिओ केंद्र मध्यबिंदू धरून ३० नॉटिकल मैलांचा एसएफआरए, आणि त्याच्या पोटात आणखी कडक असा एफआरझेड. २००३ साली हे तात्पुरतं म्हणून आलं आणि २००९ साली कायमचं झालं. आत जायचं तर खास फ्लाइट प्लॅन, खास कोड, दुतर्फा रेडिओ. तू आत जाणार नाहीस, तरीही ६० मैलांच्या आत दृश्य नियमांनी उडणाऱ्या प्रत्येकाला त्याचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. एफएएच्या संकेतस्थळावर ते फुकट आहे, तासा-दीड तासात होतं. या आठवड्यात उरकून टाक आणि प्रमाणपत्र छापून बॅगेत ठेव. उत्तरेला डोंगरात थरमाँटजवळ कॅम्प डेव्हिड आहे, नकाशावर पी-४०. एरवी ते लहानसं वर्तुळ असतं. राष्ट्राध्यक्ष तिथे आले की फुगतं. म्हणजे बघ, त्या गृहस्थांचा शनिवार-रविवार बेडमिन्स्टरला जाणार की कॅम्प डेव्हिडला, यावर तुझी निघण्याची अडचण की पोचण्याची, हे ठरतं.

११ मे २००५ ची गोष्ट तुला कुणी सांगितली असेलच, पण तुझ्या वाटेशी तिचा संबंध आहे म्हणून पुन्हा सांगतो. लँकेस्टरजवळच्या स्मोकटाउनहून, म्हणजे तुझ्या रेषेच्या थोडं उत्तरेला, एक सेस्ना १५० निघालं. आत एक परवानाधारक वैमानिक आणि एक शिकाऊ. जायचं होतं नॉर्थ कॅरोलायनातल्या लंबर्टनला, विमानांच्या प्रदर्शनासाठी. सरळ रेषा वॉशिंग्टनवरून जाते आणि ते खरोखरच तिच्यावर शिरले, व्हाइट हाउसपासून सुमारे तीन मैलांपर्यंत. व्हाइट हाउस, कॅपिटॉल, सर्वोच्च न्यायालय रिकामं केलं गेलं, हजारो माणसं रस्त्यावर पळत होती. दोन एफ-१६ विमानांनी समोर फ्लेअर सोडले. शेवटी त्या इवल्याशा विमानाला वळवून उतरवलं ते माझ्या फ्रेडरिकला. वैमानिकाचा परवाना रद्द झाला. दोघांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. निघण्यापूर्वी करायची साधी तयारी झालेली नव्हती, एवढंच. त्याच महिन्यात राजधानीभोवती लेझरचे इशारे सुरू झाले: लाल, लाल, हिरवा. ते दिसले तर तू चुकीच्या जागी आहेस.

ती गोष्ट ऐकून लोक हसतात, ‘इतकं कसं कळलं नाही’ म्हणतात. मला हसू येत नाही. आपण कधीतरी उडणारी माणसं. विमान कंपनीच्या वैमानिकाच्या मागे डिस्पॅचर असतो, त्याची कागदपत्रं कुणीतरी तयार करून देतो. आपण महिन्यातून एकदा उडतो, मध्ये पावसाळी शनिवार आले की दोन महिन्यांतून एकदा. आकाश मात्र तेवढ्यात बदललेलं असतं.

आणि डिस्पॅचर असला म्हणून सुटका होते असंही नाही. जुलै २०१७ मध्ये एअर कॅनडाचं विमान रात्री सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी बंद होती, तिचे दिवे मालवलेले. वैमानिकांना नेहमीसारख्या दोन पट्ट्या अपेक्षित होत्या, त्यामुळे उजवी त्यांना डावी वाटली आणि तिच्याही उजवीकडचा टॅक्सीवे धावपट्टी वाटला. त्या टॅक्सीवेवर चार प्रवासी विमानं उड्डाणाच्या रांगेत उभी होती. त्यांच्या माथ्यावरून, जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत खाली येऊन ते विमान वर गेलं. धावपट्टी बंद असल्याची सूचना, म्हणजे नोटॅम, वैमानिकांच्या कागदांत होती, २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. त्या चौकशीच्या बैठकीत एनटीएसबीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी, नोटॅम म्हणजे कुणीही लक्ष देत नाही असा कचरा आहे, अशा अर्थाचं कडक विधान केलं होतं. सरकारी माणूस सरकारी कागदांबद्दल इतकं स्पष्ट क्वचितच बोलतो.

तेव्हा तुझ्यापुढे जो नोटॅमचा ढीग येईल तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका सुरात वाचू नकोस. दहाव्या ओळीला डोळे चालतात आणि डोकं थांबतं. मी वाट पुढ्यात घेऊन वाचतो. आधी दोन्ही टोकांच्या धावपट्ट्या: ‘आरडब्ल्यूवाय’ आणि ‘सीएलएसडी’ ही अक्षरं शेजारी शेजारी आहेत का. प्रिन्स्टनला तुझ्याकडे एकच धावपट्टी आहे, ३,५०० फुटांची. ती बंद म्हणजे विमानतळच बंद. मग फ्रेडरिकचा टॉवर कुठल्या वेळात चालू आहे, पेट्रोल मिळतंय का. मग मधले निर्बंध, हे नकाशावर रेखून बघायचे, नुसते वाचायचे नाहीत. मग ज्या दोन-तीन ठिकाणी गरज पडली तर उतरशील त्यांचं; हा भाग बहुतेक जण सोडतात, आणि पर्यायी धावपट्टी बंद असल्याचं गरज पडते तेव्हाच कळतं. लष्करी चाचणीमुळे जीपीएस बेभरवशाचं होण्याची सूचना असेल तर तीही बघ, म्हणजे आयपॅडवरचं विमान भलतीकडे दिसलं तर घाबरणार नाहीस. कुठल्याशा टॉवरचा दिवा बंद असल्याच्या ज्या ढीगभर सूचना असतात, त्या दिवसा ४,५०० फुटांवरून जाणाऱ्याने खुशाल चाळाव्यात. ढग खाली असतील किंवा संध्याकाळ होणार असेल तर मात्र त्याच ओळी सर्वांत महत्त्वाच्या. कुठली नोटीस महत्त्वाची हे नोटीस सांगत नाही, तुझा बेत सांगतो.

वेळा झुलू म्हणजे यूटीसीमध्ये असतात. उन्हाळ्यात आपल्या घड्याळापेक्षा चार तास पुढे, हिवाळ्यात पाच. ताईला साताऱ्याला फोन करताना साडेनऊ की साडेदहा याचा हिशेब करणाऱ्याला हे जड जाऊ नये. गोची तारखेची असते. रविवारी ००३० झुलूला सुरू होणारा निर्बंध म्हणजे उन्हाळ्यात आपला शनिवार रात्री साडेआठचा. ‘रविवारचा आहे’ म्हणून सोडून दिलास तर परतीच्या वाटेवर सापडशील.

एक निर्बंध असा आहे की ज्याची वेळ नोटॅममध्ये सापडतच नाही. तीस हजार किंवा त्याहून जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये मोठ्या लीगचा बेसबॉल सामना, एनएफएल किंवा वरच्या दर्जाच्या कॉलेजांचा फुटबॉल असेल, तर तीन नॉटिकल मैलांच्या आत, जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत जायचं नाही. सुरू होण्याच्या तासभर आधीपासून संपल्यावर तासभरापर्यंत. सामना कधी आहे ते मात्र वैमानिकाने शोधायचं! रटगर्सचं स्टेडियम तुझ्यापासून दूर नाही, फिलाडेल्फियाचं बेसबॉलचं मैदान तर विमानतळाच्या जवळच. बेसबॉलला ठरावीक शेवट नसतो, सामना लांबला की निर्बंधही लांबतो. ज्याला खेळात काडीचा रस नाही अशा माझ्यासारख्यालाही शरद ऋतूत रटगर्सचं वेळापत्रक ठाऊक असतं, ते यामुळे.

नकाशांबद्दल. तुझी वाट दोन सेक्शनलवर पसरली आहे, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन. ४० अंश अक्षांशावर एक संपतो, दुसरा सुरू होतो. शिवाय फिलाडेल्फिया आणि बॉल्टिमोर-वॉशिंग्टनचे टर्मिनल चार्ट घे. त्यांची मोजपट्टी दुप्पट मोठी असते आणि कडा तिथे स्वच्छ कळतात. मी शिकलो तेव्हा सेक्शनल सहा महिन्यांनी नवा निघायचा. २०२१ पासून ५६ दिवसांनी निघतो. आयपॅडवर जुन्या आवृत्तीवर लाल अक्षरांत इशारा येतो आणि लोक त्यावर बोट फिरवून पुढे जातात. जुना चार्ट घेऊन उडणं म्हणजे मागच्या वर्षीचं कालनिर्णय बघून संकष्टी धरणं. तुझ्यामाझ्या छोट्या विमानात चालू चार्ट बाळगलाच पाहिजे असा सरसकट नियम नाही, असं तुला क्लबमधला कुणीतरी ऐटीत सांगेल. खरं आहे. पण हडसन नदीवरून मॅनहॅटनच्या कडेने खाली उडायचा तुझा पुढचा बेत आहे ना? तिथे न्यूयॉर्कचा चालू टर्मिनल चार्ट विमानात असणं नियमाने सक्तीचं आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये तिथे एक खासगी विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ माणसं गेली, त्यानंतर हे नियम आले. कुठल्या उंचीवर कोण, कुठल्या काठाने कोण, कुठल्या पुलापाशी रेडिओवर काय बोलायचं, हे सगळं त्या चार्टवर छापलेलं आहे. ते पत्र वेगळं लिहीन.

शुक्रवारी रात्री घरच्या वायफायवर सगळं उतरवून घे, सकाळी पुन्हा ताजं कर. विमानतळाच्या पार्किंगमध्ये फोनच्या दोन दांड्यांवर चार्ट उतरवत बसलेले लोक मी बरेच पाहिलेत. हवेत एडीएस-बीवरून टीएफआर पडद्यावर दिसतात, पण ते अर्धवट असू शकतात; घरून केलेल्या चौकशीला तो पर्याय नाही. आयपॅड उन्हात तापून बंद पडतो, म्हणून वाटेतल्या वारंवारता आणि दिशा एका कागदावर पेन्सिलीने लिहून मांडीवर ठेव. आणि मला जुनाट म्हण, पण निघण्यापूर्वी फ्लाइट सर्व्हिसला एक फोन कर. आजकाल एफएएच म्हणते की आपापलं ब्रीफिंग आपण करावं, आणि ते योग्यही आहे. तरी पलीकडच्या माणसाला ‘माझ्या वाटेवर टीएफआर आहे का’ असं स्पष्ट विचारलं की उत्तरही स्पष्ट येतं, आणि संभाषणाची नोंद राहते.

हवामानाचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, लांबण लावत नाही. पश्चिमेला येतेयस, बहुधा वारा समोरून. पंचवीस नॉटचा असला तर सव्वा तासाची वाट दीड तासाची होते. कायदा दिवसा अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक मागतो, तू एक तासाचं ठेव. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट होतो, म्हणून दहाच्या आत उतर. उंची ४,५०० किंवा ६,५००, पश्चिमेची. लँकेस्टर, यॉर्क आणि वेस्टमिन्स्टर ही तीन ठिकाणं मनात धर. तिथे उतरलीस तर मी गाडी घेऊन येतो, ताईला सांगायचं की मामाला सकाळी ड्राइव्हची हौस आली.

समजा, इतकं करूनही चुकून कुठे शिरलीस. कंट्रोलरशी बोलत असशील तर लगेच सांग, नसशील तर १२१.५ वर बोल. शेजारी लढाऊ विमान येऊन पंख हलवू लागलं तर आपलेही पंख हलवायचे आणि त्याच्या मागे जायचं, वाद घालायचा नाही. उतरल्यावर दहा दिवसांच्या आत नासाकडे एएसआरएसचा अहवाल भर. १९७६ पासून ही व्यवस्था आहे. मुद्दाम केलेलं नसेल तर दंडातून सूट मिळू शकते. भरलेले ते अहवाल नाव काढून खुले केले जातात. ते वाच. निर्बंधात शिरलेल्यांची कहाणी कंटाळवाणी वाटावी इतकी सारखी असते: ओळखीची वाट, छान हवा, घाई.

परवान्यावर संपण्याची तारीख नसते, हे एका परीने वाईटच. दोन वर्षांनी एकदा फ्लाइट रिव्ह्यू, तोही किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. दोन वर्षांत सेक्शनलच्या तेरा आवृत्त्या निघतात. एफएएचा विंग्ज कार्यक्रम घे, थोडं थोडं करत राहिलीस तर रिव्ह्यूचीही गरज त्यात भागते. ज्या शनिवारी पाऊस आहे त्या शनिवारी घरी बसून एखाद्या अनोळखी वाटेची पूर्ण तयारी कर, उडायचं नाही हे माहीत असून. मी करतो. तुझी मामी त्याला माझं पारायण म्हणते.

आता या सफरीपुरतं राहिलंय ते दोनच. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग हवीत. चेकराइडनंतर तू पुण्याला जाऊन आलीस, तेव्हा लॉगबुक काढून मोज. आणि वजनाचा हिशेब. क्लबच्या १७२एसचं उड्डाणावेळचं कमाल वजन २,५५० पौंड, टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारं ५३ गॅलन पेट्रोल म्हणजे ३१८ पौंड. त्यात तू, ताई, ताईची बॅग आणि साताऱ्याहून माझ्यासाठी आणलेले कंदी पेढे, जे तिने फोनवर ‘थोडेसे’ म्हणून सांगितलेत. खरा आकडा लागेल, अंदाज चालणार नाही. ताईला तिचं वजन तू विचार. मी धाकटा भाऊ आहे, मला जमणार नाही.

तुझा,
मामा